मँगनीज क्लोराइड टेट्राहायड्रेट: माल एक नंबर, झाकण बेकार

एरर-प्रोन पीसीआरसाठी (म्हणजे मुद्दाम चुका होऊ देत डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) या मिठाची १०० ग्रॅमची बाटली मागवली होती, दोन महिने वापरून लिहितोय. स्फटिक मस्त फिकट गुलाबी, पाण्यात ढवळेपर्यंत विरघळतात, गढूळपणा अजिबात नाही. पण झाकण नीट बसतच नाही आणि हे मीठ हवेतलं पाणी असं ओढतं की दुसऱ्याच आठवड्यात तळाशी ढेकूळ, स्पॅच्युलाने खरवडत बसलो, शेवटी घट्ट झाकणाच्या दुसऱ्या बाटलीत भरलं. वजन करताना रेणुभार १९७.९ धरा हां (टेट्राहायड्रेट म्हणजे पाण्याचे चार रेणू धरून), निर्जलवाला १२५.८ धरलात तर सोल्युशन पातळच होणार (आमच्याकडे एकाने केलंय, नाव नाही सांगत). फॉस्फेट बफरमध्ये टाकू नका, साका बसतो, आणि अल्कली वाढली की हवेनं तपकिरी पडतं. पीसीआरला मात्र ०.५ मिलिमोलरमध्येच म्यूटेशन (डीएनएतले बदल) झकास मिळाले.

गोड गुलाबी रंगावर जाऊ नका, पोटात गेलं तर विषारी आहे, आणि मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर पार्किन्सनसारखी लक्षणं दिसतात, म्हणून हातमोजे, चष्मा आणि वजन फ्यूम हूडमध्येच (हवा ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट). उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही, जड धातूंच्या कचऱ्यात.

चार स्टार, पाचवा झाकणाने खाल्ला.