सोबत दिलेला ‘मोफत’ प्लग

ठाण्याच्या चरईतल्या आमच्या घरात सासऱ्यांच्या वेळच्या सहा सागवानी खुर्च्या आहेत. लाकूड अजून खणखणीत, पण बैठकीचं रेक्झिन पार फाटलेलं. गणपतीला माणसं येणार म्हणून सोफावाल्याला विचारलं, तर खुर्चीमागे ६०० रुपये मजुरी, रेक्झिन आपलं. ३,६०० हा आकडा डोक्यात घोळत होता आणि नेमकं त्याच आठवड्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं. थोडी हाव माझीही होती, ती आधीच कबूल करते.

एका टेबलापाशी गर्दी होती. विजेवर चालणारी गन, पिनाही मारते आणि बारीक खिळेही. विक्रेता लाकडाच्या ठोकळ्यावर गनचं नाक टेकवून टक, टक, टक मारत होता. प्रत्येक पिन अशी सपाट बसत होती की बोट फिरवलं तरी लागू नये. “ताई, सुताराला हाक मारायची गरजच नाही. खुर्च्या, जाळी, कपाटाची पाठ, सगळं घरच्या घरी.” किंमत २,८५०. सोबत ५,००० पिना मोफत आणि एक कन्व्हर्जन प्लगही मोफत, कारण गनच्या वायरीला दोन चपट्या पट्ट्यांचा प्लग होता. “इम्पोर्टेड माल आहे ना ताई, म्हणून.” इम्पोर्टेड म्हटल्यावर मी खूशच झाले.

दोन गोष्टी तेव्हाही दिसल्या होत्या. गनची वायर भिंतीवरच्या बोर्डाकडे जात नव्हती, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या टेबलक्लॉथच्या आत जात होती. आणि आतून सतत घूं घूं असा बारीक आवाज येत होता. मला वाटलं, पंखा असेल.

घरी पहिल्याच खुर्चीवर रेक्झिन ताणून धरलं आणि पिन मारली. ठाप! पिन बसली नाही, रेक्झिन कापून थेट प्लायमध्ये गडप झाली. जोर कमी करायचं चाक अगदी खाली आणलं, तरी तेच. मला वाटलं, माझाच हात बसलेला नाही. पंधराएक पिना मारल्या असतील, मग मूठ कोमट लागायला लागली, जळक्या वार्निशचा वास आला आणि मागच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. प्लग उपटला. नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, “काय करपलं?”

दुसऱ्या दिवशी सभागृहात गेले, तर तिथे लग्नाचा मांडव. गॅरंटी कार्डवर शिक्का होता, पत्ता नव्हता. नंबर लागत नव्हता.

वागळे इस्टेटमध्ये मोटारी रिवाइंड करून देणारे एक काका आहेत. त्यांनी गन हातात घेतली आणि उघडायच्या आधी अंगावरचं चकचकीत स्टिकर नखानं खरवडलं. वरच्यावर छापलं होतं ‘२२० व्होल्ट’. खाली कोरलेलं निघालं, ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’.

“ताई, हे आपल्याकडचं मशीनच नाही. अमेरिकेतलं आहे. आपल्या घरात २३० येतात. दाब दुप्पट झाला की उष्णता जवळजवळ चौपट. आत कॉइल आहे, तीच दांड्याला खाली ओढून पिन ठोकते. म्हणून आधी जोर जास्त लागला आणि मग जळाली.”

“पण तिथे तर नीट चालत होती.”

“टेबलाखाली बघितलंत?”

मग घूं घूं आठवली. टेबलाखाली व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर असणार. मी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण काकांना शंका नव्हती: “तो दिला असता तर तुम्हाला हमाल करावा लागला असता.” मला जो प्लग मोफत मिळाला तो फक्त पट्ट्यांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. खरं तर तो प्लग म्हणजेच कबुलीजबाब होता आणि मी तो हसत पिशवीत टाकला होता.

खोका पुन्हा नीट पाहिला. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशातली वस्तू आणि कमाल किरकोळ किंमत छापावीच लागते. माझ्या खोक्यावर फक्त हसणाऱ्या गोऱ्या माणसाचा फोटो. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मला ठाऊक होता, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नसतं हेही. पण तक्रार लिहायची कुणाविरुद्ध? पैसे क्यूआर कोडवर गेले होते, तिथे कुणाचं तरी नुसतं पहिलं नाव. बिल म्हणजे वहीतून फाडलेला चिठोरा, त्यावर ‘गन १ नग’. पक्कं बिल मागितलं तेव्हा “जीएसटी लागेल ताई, ५१३ रुपये जास्त” म्हणाला, आणि मी गप्प बसले होते. तेव्हा वाचवलेले ५१३ असे अंगावर आले.

असल्या ठिकाणी घ्यायचीच असेल, तर खोक्यावरचं नको, मशीनवर कोरलेलं व्होल्टेज वाचा. स्टिकर असेल तर त्याची कड उचलून बघा. आणि विकणाऱ्याला म्हणा, भिंतीवरच्या बोर्डात लावून पन्नास पिना सलग मारून दाखव. माझ्या त्या माणसानं तीन-तीन मारून गप्पाच जास्त मारल्या होत्या.

शेवटी तोच सोफावाला आला. कॉम्प्रेसर लावून त्यानं सहाच्या सहा खुर्च्या दोन तासांत केल्या. माझ्या पिना उपसायचे शंभर वेगळे घेतले. जाताना त्याला म्हटलं, ह्या ५,००० पिना तरी घेऊन जा. त्यानं एक पट्टी स्वतःच्या गनमध्ये सरकवून पाहिली, ती अडकली. “रुंदी वेगळी आहे ताई,” म्हणाला आणि डबा परत माझ्या हातात दिला.