पॉड वेप (छोटी ई-सिगरेट) दीड वर्ष वापरलं, प्लीज घेऊ नका

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण आतून सगळे पॉड सारखेच, एक बॅटरी, एक कॉइल आणि गोड वासाचं लिक्विड. सिगरेट सोडायची म्हणून घेतलं होतं. वस्तू म्हणून खोट काढायला जागा नाही, हलकं आहे, पटकन चार्ज होतं, मिंट फ्लेवर मस्त आणि घशाला अजिबात लागत नाही. आणि तिथेच फसायला होतं. लिक्विडमध्ये निकोटीन सॉल्ट, म्हणजे घशाला सौम्य लागणारं निकोटीन असतं, त्यामुळे घसा खवखवत नाही, मग आत किती गेलं त्याचा पत्ताच लागत नाही. सिगरेट निदान संपते, विझवावी लागते, हे उशीखालीच असायचं, रात्री जाग आली की दोन झुरके मारून मी परत झोपायचो. किक लागावी म्हणून खोल ओढून दम कोंडून धरायचीही सवय लागली होती.

एका सकाळी बुटाची लेस बांधायला वाकलो आणि छातीत उजवीकडे सुई घुसल्यासारखी कळ आली, पार खांद्यापर्यंत. वाटलं लचक भरली, बाम चोळला. दुपारपर्यंत एक वाक्य सलग बोलता येईना. आई म्हणाली, "इकडे बघ, तुझे ओठ असे काय दिसतायत?"

एक्स-रेमध्ये एका बाजूला फुप्फुसाच्या बारीक रेषा दिसत होत्या आणि दुसरीकडे नुसतं काळं, मधे मुठीएवढा गोळा, तेच माझं फुप्फुस. न्यूमोथोरॅक्स. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला छोटे छोटे फुगे असतात काहीजणांना, त्यातला एक फुटला की हवा फुप्फुस आणि छातीच्या भिंतीच्या मधे साठते आणि फुप्फुस दबत जातं. उंच, सडपातळ पोरांना हे आपोआपही होतं आणि मी तसाच आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले वेपमुळेच झालं असं मी लिहून देणार नाही, पण सिगरेटने हा धोका कित्येक पटीने वाढतो हे पक्कं आहे, वेप ओढणाऱ्या तरुण पोरांच्या केसेसही नोंदल्या गेल्यात, आणि वरून तू दम कोंडून धरायचास.

बरगड्यांच्या मधून नळी घातली, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. श्वास घेतला की नळीतलं पाणी वर-खाली व्हायचं, खोकलो की बुडबुडे. पाच दिवस मी ते बुडबुडे कधी थांबतात तेच बघत होतो. बाटली छातीच्या वर न्यायची नाही, त्यामुळे टॉयलेटला जातानाही एक हात बाटलीला.

तिथे पडल्या पडल्या वाचलं की २०१९ मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं खराब झालेल्यांची लाटच आली होती, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ केसेस आणि त्यात ६८ मृत्यू. बहुतेकांनी टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं, लिक्विड ओढलं होतं, आणि ५१ पेशंटच्या फुप्फुसातला द्रव तपासला तर ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट निघालं. हेच क्रीममध्ये असतं, गोळीत असतं, तिथे काही होत नाही. माझा आजार वेगळा आहे हे मला कळतं, पण माझ्या बॉक्सवर 'फूड ग्रेड फ्लेवर' असं लिहिलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. अरे पण मी ते खात नव्हतो ना, तापवून छातीत ओढत होतो! पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालतं असं कोणी सांगितलं?

आता फुप्फुस परत फुललंय. पण हे पुन्हा होऊ शकतं, झालं तर ऑपरेशन. विमानात इतक्यात बसायचं नाही, स्कूबा विसरायचं. निकोटीनचा पॅच लावतोय, रात्री अजून जाग येते आणि हात उशीखाली जातो.

तुम्हाला छातीत एकाच बाजूला अचानक कळ आली आणि श्वास घेताना वाढली तर माझ्यासारखा बाम चोळत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि वेपचं आधी सांगा. मला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई शेजारी होती म्हणून मी नाही म्हणालो, त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि परत विचारलं.