ॲव्हेंजर क्रूझ २२०, चौदाशे वीस रुपयांचा मेकअप आणि तो एक सांधा

काल वॉशिंग सेंटरवाल्याशी भांडून आलोय म्हणून हे लिहितोय, नाहीतर माझ्या ॲव्हेंजर मोटारसायकलचा घरगुती मेकअप करून सात महिने झाले तरी मुहूर्त लागला नव्हता. त्याने प्रेशर गन चाकाला अगदी टेकवून मारली आणि मागच्या रिमवर शोभेला चिकटवलेली चमकती टेप वीतभर उचकटून स्पोकमध्ये अडकवून दिली, वर मलाच म्हणतो, "काका, असलं लोकल कशाला लावता?" काका म्हणाला ते एक वेळ सोडून दिलं, पण लोकल नाही रे बाबा, नाना पेठेत तीन दुकानं फिरून घेतलेली टेप आहे ती.

गाडी जुनी, चालायला मस्त, फक्त दिसायला म्हातारी झालेली. दोष माझाच, दिवेआगर-श्रीवर्धनला दोनदा मुक्काम केला, खारं वारं खाऊन आलेली गाडी गोड्या पाण्याने न धुता तशीच सोसायटीत उभी केली, मग क्रोमवर गंजाचे ठिपके येणारच. पॉलिशवाल्याने रिम, हँडल, सायलेन्सर मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहासुद्धा न पिता निघालो. म्हटलं, घरीच करू.

आधी फुकटातलं सांगतो कारण तेच सगळ्यात भारी निघालं. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल. बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि गंजावर हलक्या हाताने घासायचं. क्रोमपेक्षा ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ओरखडे उठत नाहीत. काळपट चिखल सुटतो, तो पुसला की खाली आरसा. मला वाटलं होतं यूट्यूबवाले फेकतात, पण पुढच्या रिममध्ये चक्क स्वतःचं तोंड दिसलं. बायको म्हणाली, "आता डब्यातल्या पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेणार का?" रोल नवीन आणून दिला, तो खर्च हिशोबात धरलेला नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. जिथे गंजाने खड्डा पडलाय तिथे क्रोम परत येत नाही, फक्त डाग कमी होतो. आणि घासून झाल्यावर वॅक्स लावलंच पाहिजे (२५० ची डबी, अजून अर्धी आहे), मी एक बाजू आळसाने सोडली तर एका पावसात ठिपके हजर. प्लॅस्टिकवरच्या क्रोमला फॉइल लावू नका, त्याची चमक निघून जाते.

सायलेन्सरचा किस्सा छोटा आणि लाजिरवाणा आहे. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाइप तापून निळा-पिवळा झालेला, म्हणून २२० रुपयांचा साधा मॅट ब्लॅक स्प्रे मारला. ताम्हिणीच्या चढावर रंगाला फोड आले, धूर आणि असला वास की मागचा कारवाला काच खाली करून ओरडला, "गाडी पेटलीय!" मग ४८० चा हाय टेम्परेचरवाला आणला, क्रोमवर रंग धरत नाही म्हणून आधी ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडला, पातळ तीन हात दिले. हा रंग नुसता वाळवून चालत नाही, तापवून पक्का करावा लागतो, म्हणजे इंजिन दहा मिनिटं चालू, पूर्ण थंड, मग वीस मिनिटं, परत थंड. तेव्हापासून टिकलाय. हँडलचे फोम ग्रिप १२० चे, पावसात पाणी पितात आणि ब्रेक दाबला की बाहीत सोडतात. नका घेऊ.

आता मूळ दुखणं, रिम टेप. दुकानात "१७ इंची किट, दोन्ही चाकांना बसतं" म्हणून १९० ला दिलं. आपलं पुढचं चाक १७, मागचं १५, हे मला माहीत असून मी मान डोलावली, ही माझी अक्कल. वळणदार पट्ट्या पुढे झकास बसल्या, मागे प्रत्येक पट्टीचं टोक रिमच्या बाहेर पळायला लागलं. मग १६० चा सरळ रोल आणला, ५ एमएम रुंद, ६ मीटर. १५ इंची रिमची एक फेरी साधारण १.२ मीटर, म्हणजे दोन बाजूंना अडीच मीटर पुरतो. अरुंद आहे म्हणून वळतो, १० एमएमचा असता तर आतल्या कडेला चुण्या पडल्या असत्या. पण डाव्या बाजूला शेवटी माप चुकलं आणि सांध्यात नखभर फट राहिली. नखभर! सात महिने मला गाडीत दुसरं काही दिसत नाही. मित्र म्हणतात रात्री काय चमकते, आणि मी म्हणतो ते ठीक आहे रे, पण फट बघ ना.

इथपर्यंत रात्री लिहिलं होतं आणि वॉशिंगवाल्याला पूर्ण नावं ठेवली होती. आज सकाळी टेप सोलून बघितली तर तिच्या गोंदाच्या बाजूला चेन ल्यूब, म्हणजे चेनला मारायचं वंगण. चेन डावीकडे, ल्यूब उडतो तो त्याच रिमवर, आणि त्या फटीतून आत शिरून गोंद कधीच ढिला झालेला. गनने फक्त शेवटचा धक्का दिला. माफी मागायला वगैरे जाणार नाही, गन टेकवून मारायची नसतेच, पण अर्धी चूक माझी.

उरलेल्या रोलमधून परत लावली. या वेळी मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोनदा फिरवलं, हेअर ड्रायरने रिम कोमट केली, टेप न ताणता ठेवत गेलो (ताणली की रात्रीत आखडते, फट त्यामुळेच पडली असणार) आणि सांधा हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी आणला, तिथे दिसत नाही. एक दिवस पाणी लावणार नाही.

हिशोब: १९० + १६० + २२० + ४८० + २५० + १२० = १,४२०, त्यातले ३४० साधा स्प्रे आणि फोममध्ये पाण्यात. पॉलिशवाल्याच्या आकड्यापुढे तरीही फायद्यात.

उजव्या बाजूचा जुना सांधा तसाच आहे. तो बरा आहे, पण व्हॉल्व्हपाशी नाहीये, त्यामुळे आज पार्किंगमध्ये गाडी लावताना तो खाली जाईल इतपत दोनदा मागेपुढे केली.