फासे की दप्तर? अमेरिकन यादवीच्या वॉरगेममध्ये अधिकाऱ्यांची पार्श्वभूमी रचताना

वॉरगेम म्हणजे टेबलावर आकृत्या मांडून खेळायची लढाई, आणि कॅम्पेन म्हणजे एकाच गोष्टीत जोडलेल्या अशा अनेक लढाया. अमेरिकन यादवी युद्धाचं कॅम्पेन सुरू करायचं म्हटलं की नकाशा, नियम, पलटणी हे सगळं भराभर ठरतं. अडतं ते अधिकाऱ्यांपाशी. हा कॅप्टन कुठला, युद्धाआधी काय करत होता, त्याला हा हुद्दा कुणी दिला? याला दोन मार्ग आहेत. फासे टाकायचे आणि तक्त्यावरून जे निघेल ते लिहून घ्यायचं, किंवा एखादी खरी रेजिमेंट (दहा कंपन्यांची पलटण) निवडून तिच्या दप्तराच्या, म्हणजे जुन्या नोंदींच्या, आधाराने काल्पनिक अधिकारी उभे करायचे. मी दोन्ही मार्गांनी खेळलो आहे. खरेच अधिकारी नावानिशी घेणं हा तिसरा मार्ग, पण तो मी इथे सोडून देतो. दक्षिणेचा जनरल पिकेट टेबलावर आला की प्रत्येकाच्या डोक्यात गेटिसबर्गला त्याचा हल्ला फसला ती ३ जुलै १८६३ ची दुपार असते, आणि मग त्याच्या हातून वेगळं काही घडेल यावर कुणाचा विश्वासच बसत नाही.

फाशांचं आधी बोलू, कारण त्यांची बाजू दिसते त्यापेक्षा भक्कम आहे. वेग तर आहेच. चहा येईपर्यंत सगळे अधिकारी तयार. पण मला त्यांचा खरा गुण वाटतो तो असा, की आपण बसून रचणार नाही अशी माणसं ते देतात. बेंजामिन ग्रीअरसन हा इलिनॉयमधला संगीतशिक्षक. लहानपणी घोड्याने लाथ मारली तेव्हापासून त्याला घोड्यांचा तिटकारा. याच माणसाने १८६३ च्या एप्रिलमध्ये टेनेसीतल्या ला ग्रेंजहून घोडदळ काढलं आणि सबंध मिसिसिपी राज्य चिरत थेट बॅटन रूज गाठलं. पॅट्रिक क्लीबर्न आयर्लंडचा, ब्रिटिश फौजेत कॉर्पोरल झालेला, पुढे आर्कान्सामध्ये आधी औषधांच्या दुकानात आणि मग वकिलीत. त्या युद्धात अशी माणसं खरोखर होती. आपल्या मनाने लिहायला बसलं की मात्र शूर मेजर आणि कडक कर्नल यापलीकडे आपण सहसा जात नाही. फासे ती सवय मोडतात.

तरीही मी फाशांपासून दूर झालो ते एकाच गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट मला अजून खुपते. तक्ता प्रत्येक अधिकारी सुटा काढतो. आमच्या कॅम्पेनमध्ये एका कंपनीचा कॅप्टन निघाला पेनसिल्व्हेनियाचा धर्मभीरू शेतकरी, पहिला लेफ्टनंट ओहायोचा जुगारी, दुसरा लेफ्टनंट मेन राज्याचा खलाशी. आता स्वयंसेवकांची कंपनी उभी राहायची ती एका गावातून, फार तर एका काउंटीतून. शंभराच्या आसपास माणसं, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी, आणि सुरुवातीला कॅप्टन बहुतेक ठिकाणी त्यांनीच मतं देऊन निवडलेला. म्हणजे लेफ्टनंट हा त्याचा धाकटा भाऊ असणार, भागीदार असणार, नाहीतर त्याच निवडणुकीत हरलेला. आमच्या टेबलावर कुंपणापाशी कॅप्टन पडला, लेफ्टनंटने कंपनी हाती घेतली, आणि खेळणाऱ्याने आकृती उचलून दोन इंच पुढे ठेवली. बस. कोण पडलं, त्याच्या जागी कोण आलं, याने काही म्हणजे काही बदललं नाही. इतकी मेहनत करून लिहिलेली पार्श्वभूमी नेमक्या त्या क्षणी उपयोगी पडायला हवी होती.

दप्तराच्या वाटेने गेलं की हाच क्षण भरून येतो. उत्तरेच्या फौजेतली सहावी विस्कॉन्सिन रेजिमेंट घ्या. तिचा पहिला कर्नल लायसँडर कटलर, जन्म १८०७ चा, मिलवॉकीचा व्यापारी. २८ ऑगस्ट १८६२ ला ब्रॉनर फार्मच्या लढाईत तो जखमी झाला आणि सूत्रं आली एडवर्ड ब्रॅगकडे. ब्रॅग फाँड ड्यू लॅकचा वकील आणि पक्षाने डेमोक्रॅट. १८६० मध्ये चार्ल्सटनच्या पक्षाधिवेशनाला लिंकनचा प्रतिस्पर्धी डग्लस याच्या बाजूने गेलेला. म्हणजे लिंकनच्या फौजेत लिंकनच्या विरोधी पक्षाचा माणूस. तीन आठवड्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, अँटिटमच्या मक्याच्या शेतात ब्रॅगला गोळी लागली आणि रेजिमेंट मेजर रूफस डॉझच्या हाती आली. हा मॉस्टन गावच्या कंपनीचा मूळ कॅप्टन, वय चोवीस. गेटिसबर्गला १ जुलै १८६३ रोजी रेल्वेच्या अर्धवट खोदलेल्या खिंडीवर रेजिमेंट चालून गेली ती त्याच्याच हुकमाने, पंचविसावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना.

पन्नाशी ओलांडलेला व्यापारी, मग मुरलेला वकील, मग हा तरुण. एवढी साखळी समोर असली की आपला काल्पनिक कॅप्टन कुठे बसवायचा हे सांगावं लागत नाही. तो ब्रॅगच्या ओळखीने आला असेल, तर डॉझच्या हाताखाली त्याला कसं वाटेल? वयाने मोठा असून मेजरकी हुकली असेल, तर तोंडी हुकूम आल्यावर तो लगेच हलेल की लेखी मागेल? असे प्रश्न तक्ता विचारत नाही.

दक्षिणेकडच्या पलटणींत तर याहून जास्त मालमसाला आहे. एप्रिल १८६२ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यानंतर तिथल्या रेजिमेंट नव्याने बांधल्या गेल्या आणि अधिकाऱ्यांच्या निवडणुका पुन्हा झाल्या. कवायतीला कडक असलेले कितीतरी कॅप्टन सैनिकांनी मतदानात पाडले. उत्तरेत जुलै १८६१ च्या कायद्याने परीक्षा मंडळं आली आणि निवडून आलेले पण कामाला कच्चे अधिकारी त्यांनी घरी पाठवले. एकीकडे मतांनी गेलेला, दुसरीकडे परीक्षेत गेलेला: दोघांच्या जागी आलेल्या माणसाची गोष्ट आपोआप वेगळी होते.

आणखी एक मुद्दा आहे, तो मला टाळायचा नाही. तक्त्यावर ‘मळेवाला’ असा एक शब्द येतो आणि आपण पुढे जातो. १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. तीत मालकाचं नाव, आणि त्याखाली माणसांची वयं, लिंग, रंग. त्यांची स्वतःची नावं बहुतेक ठिकाणी नाहीतच. ते पान एकदा पाहिल्यावर अलाबामाच्या आपल्या लेफ्टनंटबद्दल ‘सधन घरातला’ असं लिहून भागत नाही. ऑक्टोबर १८६२ च्या कायद्याने वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट मिळायची. मग आपल्या कंपनीतल्या गरीब शेतकऱ्यांचं या लेफ्टनंटबद्दल, त्याच्या घरी राहिलेल्या भावाबद्दल काय मत असेल? हे युद्ध कशासाठी होतं हे खेळात उतरायचं असेल, तर ते याच दाराने उतरतं असं मला वाटतं.

दप्तराची अडचण उघड आहे: वेळ. नवखे लोक थेट सरकारने छापलेल्या युद्धाच्या अधिकृत कागदपत्रांच्या १२८ ग्रंथांकडे धावतात आणि थकतात. लढाईचे अहवाल म्हणून ते अमोल, पण कंपनीच्या कॅप्टनबद्दल त्यांत फारसं सापडत नाही. त्यापेक्षा राज्यांनी छापलेल्या हजेरीयाद्या पाहाव्यात. नाव, गाव, हुद्दा मिळाल्याची तारीख, आणि शेवटी काय झालं ते एका ओळीत: जखमी, राजीनामा, मृत्यू. एका कॅप्टनचा राजीनामा आणि लगेच खालच्या ओळीत दुसऱ्या कंपनीतून बढती मिळून आलेला माणूस दिसला, की अर्धी गोष्ट तयार. नावं मात्र मी बदलतोच. खऱ्या मृत माणसाच्या माथी आपल्या कल्पनेतला भित्रेपणा मारणं मला बरं वाटत नाही.

एका दिवसाचा खेळ असेल, नवे खेळाडू असतील, तर फासेच बरे. त्यात कमीपणा काही नाही. पण चार-सहा लढायांचं कॅम्पेन चालवायचं असेल तर माझं मत दप्तराकडे झुकतं, आणि फासा मी एकाच कामाला ठेवतो: स्वभावाला. गाव, धंदा, नाती, हुद्दा कसा मिळाला हे यादीवरून. तापट की सबुरीचा हे फाशावरून. यामुळे ग्रीअरसनसारखा धक्काही अधूनमधून मिळत राहतो.

पहिल्यांदा अख्खी रेजिमेंट अंगावर घेऊ नये. एकच कंपनी, तिचे तीन अधिकारी, आणि त्यांच्यातली दोन नाती, त्यातलं एक तरी बिनसलेलं. बाकीच्या नऊ कंपन्यांना तूर्त गावाचं नाव आणि कॅप्टनचा धंदा एवढं पुरतं; त्यांच्यातला कुणी रेजिमेंटची सूत्रं घेण्याइतका वर आला, तर पुढच्या लढाईआधी त्याची यादी उघडावी.