कराओकेला पहिलं गाणं: 'गोमू' की 'डोलकर'?

गणपतीत गुहागरला आमच्या खळ्यात माइक फिरू लागला की पुरुषमंडळी मागे सरकतात. त्यांच्यासाठी हेमंतकुमारांची ही दोन गाणी. दोन्हींचं संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं.

'मी डोलकर' ऐकायला सोपं, पण 'डोलकर' लागोपाठ तीनदा म्हणताना आमच्या काकांचा दम संपतो आणि 'दर्याचा राजा' हातचा जातो. ओळीआधीच पोटातून श्वास भरून घ्या, जमतं. शिवाय अख्खं खळं टाळ्यांवर साथ देतं, तो आनंद निराळाच.

'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) मधलं 'गोमू संगतीनं' घशाला हलकं. आशाबाईंच्या ओळी वहिनीने उचलल्या की तेवढी उसंतही मिळते. पहिल्यांदा माइक धरणाऱ्याला मी 'गोमू'च देते.