लक्ष्मीपुरीतला सुटा ग्रीन टी: पाने उत्तम, पाकिटावरचा दावा फुगवलेला

सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असा शेरा आल्यापासून, म्हणजे गेले तीन महिने, मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील चहाच्या एका जुन्या दुकानातून सुटा ग्रीन टी घेत आहे. शंभर ग्रॅमचा भाव २६० रुपये आहे. पाकिटावर ‘यकृतातील चरबी वितळवणारा’ असे ठळक अक्षरांत छापले असून, दुकानदारही पुडी बांधता बांधता “न्या की मामा, लिव्हरची चरबी लोण्यागत विरघळतीया,” असे सांगतात.

पाने मात्र खरोखर चांगली आहेत. अख्खी, वळलेली, तळाशी भुकटी जवळजवळ नाही आणि वास भाजलेल्या मक्याच्या कणसासारखा. आपल्या सवयीप्रमाणे ती खळखळ उकळली, तर चहा काढ्यासारखा कडू होतो; पाणी उकळून तीन-चार मिनिटे निवू द्यावे आणि दोन ग्रॅम पाने कपभर पाण्यात दोन-अडीच मिनिटेच ठेवावीत. मग रंग फिकट पिवळसर हिरवा येतो आणि जिभेवर तुरटपणा मागून येतो. साध्या चहाइतकी पाने कुजवलेली, म्हणजे ऑक्सिडीकरण होऊ दिलेली नसल्यामुळे त्यांतील कॅटेचिन नावाची द्रव्ये टिकून राहतात आणि हा तुरटपणा त्यांचाच असतो.

आता चरबीकडे वळू. या कॅटेचिनांपैकी सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो ईजीसीजीचा. यकृत बाहेरून आलेली चरबी तर साठवतेच, शिवाय जास्तीच्या साखरेपासून स्वतःही चरबी बनवते. त्यामुळे गोड चहा पिणाऱ्या माणसाने केवळ तेल-तुपाला दोष देऊन भागत नाही. प्रयोगशाळेतील पेशींत आणि चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांत असे दिसले आहे की, ईजीसीजीमुळे एएमपीके हे पेशीतील ऊर्जेचा हिशेब ठेवणारे विकर (एन्झाइम) जागे होते, चरबी बनवणाऱ्या विकरांचे काम मंदावते आणि स्निग्धाम्ले जाळण्याचा वेग वाढतो. आतड्यात चरबी पचवणाऱ्या लायपेज या विकरालाही ईजीसीजी काहीसे रोखते. अडचण अशी की, प्यायलेल्या ईजीसीजीपैकी रक्तापर्यंत फारच थोडे पोहोचते, उंदरांना दिलेली मात्रा बहुधा आपल्या दोन कपांच्या कितीतरी पट असते आणि माणसांवरील चाचण्या लहान असून त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. यावरून ‘वितळवणारा’ हा शब्द छापण्याइतका आधार मिळत नाही. वजन सात ते दहा टक्क्यांनी घटवल्यास यकृतातील चरबी आणि सूज कमी होते, हे त्याहून कितीतरी पक्के आहे. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर कपभर ग्रीन टी हा उतारा नव्हे.

माझी खरी तक्रार दुसऱ्याच वस्तूबद्दल आहे. त्याच दुकानात ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली मला आग्रहाने देण्यात आली. एका कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम ईजीसीजी आणि ‘रोज दोन, रिकाम्या पोटी’ अशी सूचना होती. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिलेल्या अभिप्रायानुसार, पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताची विकरे रक्तात वाढल्याचे, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण, आढळते, तर नेहमीच्या पद्धतीने केलेला चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. उपाशीपोटी तर ईजीसीजी रक्तात अधिक शोषले जाते. अशा अर्काचे वजन घटवण्यासाठीचे एक औषध फ्रान्स आणि स्पेनमध्ये २००३ साली यकृताच्या इजेमुळेच बाजारातून काढून घेण्यात आले होते. म्हणजे ज्या यकृतासाठी बाटली घ्यायची, त्यालाच ती भोवण्याची शक्यता. आणि सावधगिरीची एक ओळही लेबलवर नाही!

पाकिटावर मळ्याचा भाग आणि हंगाम लिहिलेला नाही, हाही दोष मानतो. रक्तातील लोह कमी असलेल्यांनी हा चहा जेवणासोबत न घेता जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा, कारण अन्नातील लोहाच्या शोषणात तो अडथळा आणतो.

बाटलीचे सील मी फोडले नव्हते. ती परत नेली, तेव्हा दुकानदारांनी कुरकुर न करता तेवढ्या पैशांची पाने तोलून दिली. सकाळी एक आणि दुपारी चारला एक कप, बिनसाखरेचा, असा त्यांचा वापर आता चालू आहे.