‘थायरॉईड स्पेशल’ डबा: स्वयंपाक उत्तम, पथ्य चुकीच्या जागी

पुण्यातील एका घरगुती डबा सेवेने थायरॉईडच्या रुग्णांसाठी वेगळा डबा सुरू केला असून आईसाठी आम्ही तो काही आठवडे घेतला. भाकरी मऊ असते, तेल बेताचे असते आणि डबा वेळेवर, गरम पोहोचतो. प्रश्न आहे तो पथ्याचा. सोबतच्या कार्डावर कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा आणि ब्रोकोली ‘पूर्ण वर्ज्य’ म्हणून छापले आहेत. इतकेच नव्हे, तर मोहरीही त्याच कुळातली म्हणून वरणालासुद्धा नुसत्या जिऱ्याची फोडणी देतात.

या भीतीला आधार आहे. मुख्यतः कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड होत असल्याचे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 1928 मध्येच नोंदवले होते. या भाज्या चिरल्या किंवा चावल्या की त्यांतील मायरोसिनेज हे विकर ग्लुकोसिनोलेट या द्रव्यांचे विघटन करते. त्यातून निर्माण होणारे थायोसायनेट आयोडीनला ग्रंथीत शिरू देत नाही, तर गॉयट्रिन हे द्रव्य संप्रेरक तयार होण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. मात्र सारे काही प्रमाणावर अवलंबून आहे. 2010 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात थायरॉईड मंदावून अत्यवस्थ झालेल्या ज्या 88 वर्षांच्या महिलेची केस प्रसिद्ध झाली, ती कित्येक महिने रोज एक ते दीड किलो बॉक चॉय (कोबीच्याच कुळातली चिनी पालेभाजी) कच्चा खात होती. आपल्याकडे कोबी वाफवून, वाटीभर खाल्ला जातो. शिजवताना ते विकर बरेचसे निकामी होते, आणि आहारात आयोडीन पुरेसे असेल तर एवढ्या भाजीने सहसा बिघडत नाही. फोडणीतल्या चिमूटभर मोहरीला तर घाबरण्याचे कारणच नाही.

मला खरोखर खटकले ते मीठ. सगळा स्वयंपाक सैंधव मिठात होतो आणि कार्डावर ते अभिमानाने नमूद केले आहे. प्रौढ व्यक्तीला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते आपल्याला मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून मिळते, साध्या सैंधवातून जवळजवळ नाही. म्हणजे कोबी बंद करायचा आणि ज्याच्या अभावी कोबी बाधतो तेच ताटातून काढून घ्यायचे, असा हा उलटा प्रकार आहे. (आयोडीनच्या जादा गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, काही रुग्णांना त्या अपायकारक ठरतात.)

शिवाय थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी, याबद्दल कार्डावर अक्षरही नाही. वास्तविक कोबीपेक्षा या गोष्टींचा परिणाम कितीतरी अधिक होतो.

चालवणाऱ्या ताईंशी मी सविस्तर बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आमच्या डब्यापुरते मीठ बदलले. भाज्यांची यादी मात्र तशीच आहे. स्वयंपाकाला मी पाचपैकी चार गुण देईन, पथ्याला दोन. डबा लावणार असाल तर मिठाची चौकशी आधी करा.